फॅक्टरीतून मागवलेला पिकअप ट्रक: 'शेड्यूल कधी होणार?' आणि त्यासोबतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आमच्या कोलंबसच्या ढोल-ताशा पथकाचं सामान आता दोन एसयूव्हींच्या डिकीत मावत नाही. बंद ट्रेलर घ्यायचा ठरलं आणि तो ओढायला मी पिकअप ऑर्डर केला. डीलरच्या आवारात उभा होता तसा नको होता. हवा तसा बनवून घ्यायचा होता. त्यानंतर सात महिने वाट पाहिली. त्यातले पाच महिने ट्रक 'शेड्यूल' होण्याची वाट पाहण्यातच गेले. त्या काळात जे शिकलो ते मंडळातल्या तीन कुटुंबांना फोनवर सांगून झालं. चौथ्यांदा सांगण्याऐवजी इथे लिहून ठेवतो.

ऑर्डर दिली, बयाणा दिला, कंपनीचा पोचपावतीचा ईमेलही आला. मग 'अजून शेड्यूल नाही' म्हणजे काय?

ऑर्डर स्वीकारणं आणि ऑर्डर शेड्यूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा मनस्ताप या दोहोंच्या मधल्या काळातला असतो.

डीलर संगणकावर तुमची ऑर्डर भरतो. तुम्ही मागितलेले पर्याय एकमेकांशी जुळतात का, एवढंच कंपनीची यंत्रणा तपासते आणि ऑर्डर आत घेते. फोर्डवाले या अवस्थेला 'अनशेड्यूल्ड क्लीन' म्हणतात. म्हणजे ऑर्डरमध्ये चूक नाही, पण ती बनवायचा दिवसही ठरलेला नाही. शेड्यूल होणं म्हणजे अमुक कारखान्यात, अमुक आठवड्यात हा ट्रक लाइनवर घ्यायचा असं ठरणं. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, साधारण याच सुमारास मिळतो.

जनरल मोटर्सचा, म्हणजे शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएराचा, हिशोब आकड्यांत चालतो आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. २००० म्हणजे कंपनीने ऑर्डर घेतली, ३००० म्हणजे उत्पादन विभागाने घेतली, ३३०० म्हणजे शेड्यूल झाली, ३८०० म्हणजे गाडी तयार, ४२०० म्हणजे निघाली, ५००० म्हणजे डीलरकडे पोचली. रॅम या ब्रँडच्या ट्रकसाठी अक्षरं आहेत: 'डी' म्हणजे शेड्यूल, 'डी वन' म्हणजे सुटे भाग हाताशी आहेत आणि गाडी आता लाइनवर चढणार. डीलरला "काय स्टेटस?" असं विचारलंत तर "सगळं व्यवस्थित चालू आहे" असं उत्तर मिळतं. "कोड कोणता दिसतोय?" असं विचारलंत तर आकडा मिळतो.

माझा नंबर कितवा आहे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. याचं खरं उत्तर पचायला जड आहे: नंबर नसतो, कारण रांगच एक नसते.

आपल्या डोक्यात भारतातलं बुकिंग असतं. ३० जुलै २०२२ ला महिंद्राने स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाख बुकिंग झाली. चाकणहून गाडी कधी निघणार हे लोक बुकिंगच्या वेळेवरून मोजत बसले होते. अमेरिकेत त्या हिशोबाने गेलात तर फसाल. इथे कंपनी गाडी डीलरला विकते आणि डीलर तुम्हाला. कारखान्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक डीलर आहे. प्रत्येक डीलरला प्रत्येक मॉडेलचा कोटा मिळतो आणि तो मुख्यतः त्याने आधी किती गाड्या विकल्या त्यावर ठरतो. लहान गावातल्या डीलरला एखाद्या मॉडेलचा महिन्याला एखादाच ट्रक मिळतो, शहराबाहेरच्या मोठ्या डीलरला त्याच्या कित्येक पट. म्हणजे मार्चमध्ये लहान डीलरकडे दिलेली ऑर्डर पडून राहते आणि जूनमध्ये मोठ्या डीलरकडे दिलेली पुढे निघून जाते. यात कोणी लबाडी केलेली नसते.

त्या कोट्याच्या आत डीलर स्वतःचा क्रम लावतो. फोर्डमध्ये यासाठी प्राधान्याचा आकडा असतो आणि तो जितका लहान तितकी ऑर्डर वर. नावावरच्या, म्हणजे आधीच विकल्या गेलेल्या ऑर्डरींना सहसा १० ते १९ मधला आकडा मिळतो आणि आवारात उभ्या करायच्या गाड्यांना त्याहून मोठा. तुमची ऑर्डर ग्राहकाच्या नावाची म्हणून भरली आहे की चुकून आवारातल्या साठ्यासाठी भरली आहे, एवढं पहिल्याच आठवड्यात स्वतः बघून घ्या. ही चूक मी एका ओळखीच्या कुटुंबाच्या बाबतीत पाहिली आहे. दोन महिने फुकट गेले.

कोटा आहे, प्राधान्यही आहे, तरी शेड्यूल होत नाही. का?

मग कुठलातरी एखादा भाग कमी पडतोय. यालाच इथे 'कॉन्स्ट्रेंट' म्हणतात. कारखाना दर आठवड्याला शेड्यूल लावतो तेव्हा त्या आठवड्यात कोणते भाग किती मिळणार हेही यंत्रणेला माहीत असतं. तुमच्या ऑर्डरीतला एक पर्याय जरी त्या आकड्याबाहेर गेला, तरी अख्खी ऑर्डर त्या आठवड्यापुरती बाजूला पडते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रकार.

एका भागाने केवढा खोळंबा होतो याची उदाहरणं डोळे उघडणारी आहेत. मे २०१८ मध्ये मिशिगनच्या ईटन रॅपिड्स गावातल्या एका पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. तिथे फोर्डच्या एफ-१५० पिकअपसाठी मॅग्नेशियमचे ओतीव भाग बनत. काही दिवसांतच देशात सर्वांत जास्त खपणाऱ्या ट्रकची लाइन थांबली. जळक्या कारखान्यातून साचे बाहेर काढले, त्यातला एक ८७,००० पौंडांचा, म्हणजे जवळपास ३९ टनांचा. ते आमच्या कोलंबसच्या रिकेनबॅकर विमानतळावर आणून प्रचंड अँटोनोव्ह विमानातून इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमकडे नेले, तिथल्या कारखान्यात भाग ओतले आणि ते विमानाने परत आणले. म्हणून १८ मेला डिअरबॉर्नमधली फोर्डची लाइन पुन्हा सुरू झाली. घरापासून अर्ध्या तासावरच्या धावपट्टीवरून हे सगळं गेलं आणि तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता.

२०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिपा मिळत नव्हत्या. केंटकी स्पीडवे या मोटार शर्यतींच्या मैदानावर फोर्डचे अर्धवट सुपर ड्युटी ट्रक रांगांनी उभे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये फोर्डने सांगितलं की तिमाहीअखेर ४०,००० ते ४५,००० गाड्या भागांअभावी अडकून असतील. त्याच सुमारास निळ्या लंबगोलातल्या फोर्डच्या नावाच्या पट्ट्यासुद्धा कमी पडल्या होत्या. मग सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो इथल्या नोव्हेलिसच्या ॲल्युमिनियम कारखान्याला आग लागली आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच पुन्हा एकदा. एफ-१५०ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे घाव थेट तिथे बसला. नोव्हेलिस २००७ पासून मुंबईच्या हिंडाल्कोच्या मालकीची आहे हे मी आईला फोनवर सांगितलं. मुंबईतल्या कंपनीच्या अमेरिकेतल्या भट्टीमुळे इथले ट्रक अडतात यावर तिचा बराच वेळ विश्वास बसेना.

मग कोणता पर्याय सोडून द्यावा?

आधी कोणता पर्याय अडवतोय ते कळू द्या. अंदाजाने काढत बसू नका.

माझं सांगतो. चार महिने डीलरकडून एकच उत्तर येत होतं: "कारखान्याकडून काही कळलेलं नाही." पाचव्या महिन्यात मी शनिवारी सकाळी तिथे जाऊन बसलो. त्या दिवशी टेबलावर एक वयस्क विक्रेते होते. त्यांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या ऑर्डरीच्या ओळी एकाखाली एक: रंग, इंजिन, टोइंगचं पॅकेज, साइड स्टेप, छत. छताच्या ओळीपुढे एक खूण होती, बाकी सगळ्या मोकळ्या. उघडणारं मोठं काचेचं छत अडलं होतं. बाकीचा ट्रक त्याच दिवशीही बनू शकला असता. चार महिने ते उत्तर त्या स्क्रीनवर होतं आणि तो वळवून दाखवायला कोणाला दहा सेकंद लागले नसते. याचा राग मला अजून आहे.

तिथूनच घरी फोन केला. बायको म्हणाली, "छतातून आभाळ बघायला घेतोय का आपण ट्रक? ढोल ओढायचेत ना?" छत काढलं. तिसऱ्या आठवड्यात शेड्यूल झालं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. डीलरला त्याच ऑर्डरीत बदल करायला सांगा. जुनी रद्द करून नवी भरली तर तुमची जुनी तारीख जाईल. आणि ज्या कामासाठी ट्रक घेताय त्या कामाचा पर्याय सोडू नका. टोइंगचं पॅकेज, मागच्या ॲक्सलचा रेशो, हौद्याची (मागच्या उघड्या भागाची) लांबी हे नंतर बाहेरून बसवून मिळत नाही, मिळालं तरी कारखान्यासारखं होत नाही. साइड स्टेप, हौद्याचं झाकण, मडफ्लॅप हे नंतर आरामात बसतं.

डीलरला दर आठवड्याला फोन करावा का?

दोन आठवड्यांतून एकदा पुरे, पण प्रश्न ठरलेले असू द्या. या मॉडेलसाठी पुढच्या महिन्यात तुमचा कोटा किती? त्या कोट्यात माझ्या ऑर्डरीच्या पुढे नावावरच्या किती ऑर्डरी आहेत? कुठला भाग अडवतोय? तिन्हींची उत्तरं डीलरच्या यंत्रणेत असतात. ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येतं. आणि ज्याने ऑर्डर भरली तो विक्रेता नोकरी सोडून गेला का तेही बघा. या धंद्यात माणसं फार बदलतात आणि मागे राहिलेल्या ऑर्डरीला मग वाली राहत नाही.

डीलर बदलला तर चालेल?

चालेल, पण सहसा नव्या डीलरकडे ऑर्डर नव्याने भरली जाते आणि तारीखही नवीन लागते. माझं मत असं: अडचण कोट्याची असेल तर बदला, भागाची असेल तर बदलू नका. काचेचं छत सगळ्यांनाच मिळत नसेल तर मोठा डीलर ते कुठून आणणार? नव्याकडे ऑर्डर पक्की झाल्याशिवाय जुनी रद्द करू नका.

व्हीआयएन मिळाला. त्यावरून काय कळतं?

बरंच काही. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: २०२४ साठी आर, २०२५ साठी एस, २०२६ साठी टी. अकरावं अक्षर कारखाना सांगतं. फोर्डमध्ये एफ म्हणजे डिअरबॉर्न, के म्हणजे कॅन्सस सिटीजवळचं क्लेकोमो, ई म्हणजे लुइव्हिलचा केंटकी ट्रक प्लांट, आर म्हणजे मेक्सिकोतलं एर्मोसीयो, जिथे फोर्डचा छोटा पिकअप मॅव्हरिक बनतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं व्हीआयएनमध्ये कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. टिपून घेताना घोळ झाला तर एवढ्यावरून पकडता येतो.

फोर्डच्या गिऱ्हाइकांना गुरुवार पाठ असतो, कारण त्यांचं आठवड्याचं शेड्यूल बहुतेक गुरुवारी लागतं. मॅव्हरिकची वाट पाहणारा माझा मित्र दत्ताचा वार म्हणून गुरुवारचा उपास आधीपासून करायचा. त्या वर्षी गुरुवारी सकाळी देवाच्या आधी तो ईमेल बघायचा.

शेड्यूलची तारीख बदलते का?

बदलते. एक-दोन आठवडे पुढे ढकलली गेली तर घाबरू नका, कधी अलीकडेही येते. मात्र शेड्यूल झाल्यावर पर्याय बदलायला जाऊ नका. तो बदल स्वीकारलाच जात नाही, किंवा स्वीकारला तर ऑर्डर पुन्हा बिनशेड्यूलच्या ढिगात जाऊन पडते.

मॉडेलचं वर्ष संपलं आणि ट्रक बनलाच नाही तर?

ऑर्डर पुढच्या वर्षात नेतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढच्या वर्षाचा ट्रक तोच असेल असं नाही. मॅव्हरिकचं बघा. २०२२ चा मॅव्हरिक १९,९९५ डॉलरपासून आला, वर वाहतूक वेगळी, आणि हायब्रिड इंजिन मूळ किमतीतच होतं. मागणी एवढी उसळली की २०२३ च्या ऑर्डरी सप्टेंबर २०२२ मध्ये उघडल्या आणि आठवडाभरात बंद कराव्या लागल्या. त्यातल्या न बनलेल्या ऑर्डरी २०२४ वर गेल्या, आणि २०२४ मध्ये हायब्रिड वेगळे पैसे मोजून घ्यायचा पर्याय झाला होता. मूळ किमतीतल्या हायब्रिडसाठी थांबलेल्या माणसाला हे किती लागलं असेल याची कल्पना करा.

म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ऑर्डर देत असाल तर आधी विचारा: या वर्षाच्या ऑर्डरी कधी बंद होणार? न बनल्यास जुनी किंमत राखण्याची कंपनीची योजना आहे का, आणि तिच्या अटी काय? पुढच्या वर्षाची ऑर्डर भरताना डीलरने पर्यायांची यादी तुमच्यासमोर ओळीने वाचावी हा आग्रह धरा.

बयाणा, किंमत आणि कर्ज यांचं काय?

बयाणा परत मिळणारा आहे असं कागदावर लिहून घ्या. ठरलेली किंमतही लिहून घ्या, आणि त्यात 'मार्केट ॲडजस्टमेंट' नावाची वाढ लागणार नाही हे वाक्य हवंच. ट्रक आल्यावर, तुम्ही सहा महिने थांबून थकलेले असताना, तीन हजारांची नवी ओळ समोर ठेवणारे डीलर आहेत. वाहतुकीचा आकार एका मॉडेलला सगळीकडे सारखाच असतो. कारखाना घरामागे असला तरी कमी होत नाही.

क्रेडिट युनियनचा, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्थेचा, कर्जाचा व्याजदर साधारण महिना-दोन महिनेच धरून ठेवतात. व्हीआयएन येण्याआधी त्याची घाई करू नका.

जुनी गाडी कधी विकायची?

नवा ट्रक डीलरकडे उभा दिसल्यावर. बहुतेक राज्यांत जुनी गाडी त्याच डीलरला दिली तर तिच्या किमतीइतका भाग विक्रीकरातून वगळतात; कॅलिफोर्नियात तशी सवलत नाही. बाहेर जास्त भाव मिळत असेल तर हा कर धरून हिशोब करा.

धंद्यासाठी घेतोय. डिसेंबरमध्ये ऑर्डर दिली तर या वर्षीच्या करात धरता येईल?

नाही. अमेरिकेच्या आयकरातल्या कलम १७९ ची वजावट गाडी वापरात आल्याच्या वर्षी मिळते. ऑर्डर, बयाणा, अगदी व्हीआयएनसुद्धा पुरेसा नाही. ज्यांच्या डोक्यात ही वजावट आहे त्यांनी हौद्याकडेही बघावं. ६,००० पौंडांवर जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट गाडीचं कमाल वजन) असलेल्या पिकअपचा हौदा आतून सहा फूट किंवा जास्त असेल तर जड एसयूव्हींसाठीची कमी मर्यादा त्याला लागत नाही. साडेपाच फुटी हौदा घेतलात तर लागते. केटरिंगचा धंदा करणाऱ्या एका ताईंनी या माहितीवरून ऑर्डर भरायच्या आधीच साडेसहा फुटी हौदा निवडला. तुमच्या सीपीएला, म्हणजे कर सल्लागाराला, ऑर्डरीआधी फोन करा.

टोयोटाचं काय? टुंड्रा किंवा टॅकोमा?

तिथे अशी ऑर्डरच नसते. कारखाना डीलरला गाड्या वाटतो आणि येणाऱ्या गाडीवर तुम्ही नाव लावता. हवी तशी जुळणी हवी असेल तर चार-पाच डीलरांकडे विचारत राहायचं.

'तयार झाला' असं दिसून तीन आठवडे झाले. ट्रक कुठे आहे?

बहुधा कारखान्याबाहेरच्या मैदानात. तयार झालेल्या गाड्यांतल्या काही तपासणीसाठी अडवतात, एखाद्या तुकडीत दोष सापडला तर सगळी तुकडी उभी राहते. त्यातून सुटल्यावर रेल्वेचा मजल्यांचा डबा मिळेपर्यंत थांबावं लागतं, मग शेवटचा टप्पा ट्रेलरवरून. हा काळ शेड्यूलच्या काळापेक्षा मनाला सोपा जातो, कारण ट्रक अस्तित्वात आलेला असतो.

घ्यायला जाताना काय बघायचं?

काचेवरच्या किमतीच्या कागदावरचे पर्याय तुमच्या ऑर्डरीशी ओळीने जुळवा. या कागदाला मनरोनी म्हणतात, १९५८ चा कायदा आणणारे ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्यावरून. दाराच्या चौकटीवरचा व्हीआयएन कागदावरच्याशी जुळतो ना बघा. नारळ आणि हळदकुंकू नेणार असाल तर डीलरला आदल्या दिवशी सांगा. आमच्याकडच्यांनी बाहेर सावलीची जागा मोकळी ठेवली होती आणि चाकाखालचं लिंबू कशासाठी ते मनापासून विचारलं.

मग चालकाच्या दाराजवळची पिवळी-पांढरी चिठ्ठी वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिच्यावर असतं, आणि तो आकडा नेमका तुमच्या ट्रकचा असतो, जाहिरातीतला नव्हे. माझ्या चिठ्ठीवर १,६४० पौंड आहेत. आम्ही चौघं ६०० पौंड. ढोल भरलेला ट्रेलर सुमारे ५,००० पौंडांचा, आणि त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागी) येतो, म्हणजे ५०० ते ७५०. उरतात २९० ते ५४०. त्यात हौद्यात ताशे, ध्वज आणि पाण्याचे खोके बसतात. जड पर्याय जितके जास्त तितका हा आकडा कमी होत जातो. काचेचं छत काढल्यामुळे वाचलेले पौंडही याच चिठ्ठीत जमा आहेत.